आई मुकी झाली तो हिवाळा

माझा जन्म सोलापूरला काटेरी तारेच्या आत झाला. त्या वस्तीला सगळे सेटलमेंट म्हणत. इंग्रजांच्या सरकारने काही जातींच्या जातीच चोर ठरवून टाकल्या होत्या, त्यांतली एक आमची. आज्याने चोरी केली होती का, बापाने केली होती का, हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात जन्माला आलात की झालं. पोलिसांनी आमच्या लोकांना जागोजागहून गोळा करून तारेच्या आत आणून ठेवलं होतं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. मिलमध्ये कामाला जायचं तेही रांगेने, आणि भोंगा झाला की रांगेनेच परत. माझा चुलता शेजारच्या तालुक्यात वारला, तेव्हा बापाच्या हातात पास पडेपर्यंत त्याला माती देऊन झाली होती.

इंग्रज गेले तरी तार लगेच गेली नाही. काही वर्षांनी तो कायदा रद्द झाला आणि एके दिवशी माणसं येऊन तार तोडून गेली. आम्ही नाचलो. माझी आई तारेचा एक खांब स्वतः उपटायला गेली होती. तो निघेना म्हणून ती त्याला लाथा घालत होती, शिव्या देत होती आणि सगळी वस्ती हसत होती. आई फार बोलकी बाई. पाण्यावर, चुलीपाशी, हजेरीच्या रांगेत तिचं तोंड चालूच असायचं. शिपाई खेकसला की ती त्याच्याकडे बघत आमच्या बोलीत काहीतरी म्हणायची आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शिपायांना आमची बोली येत नसे. तारेच्या आत तेवढीच एक गोष्ट आमची होती.

तार तुटल्यावर वस्तीतल्याच मुलाशी माझं लग्न झालं. हे सेटलमेंटच्या वर्कशॉपात गवंडीकाम आणि थोडं फिटरचं काम शिकले होते. पुण्याच्या पुढे पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहतोय, हातात काम असलेली माणसं हवी आहेत, असं यांच्या कानावर आलं. "तिथं आपल्याला कोण ओळखतंय?" एवढंच म्हणाले, आणि आम्ही निघालो.

गाडीत यांनी मला समजावलं. आपलं गाव आता वेगळं. नाव-आडनाव चारचौघांत चालणारं. जात विचारली तर अमुक सांगायची. पुणं जवळ आलं तसा यांचा आवाज खाली आला. "आणि आपली बोली इथं गाडीतच टाकायची. खाली उतरल्यावर तुझ्या तोंडून एक शब्द येता कामा नये. माझ्याशीसुद्धा नाही."

मी हो म्हटलं. तेव्हा ते अवघड वाटलं नाही. मराठी मला चांगली येत होती, सेटलमेंटच्या शाळेत चार यत्ता झाल्या होत्या.

चिंचवड तेव्हा लहान गाव होतं. नदी, बाभळी, बाजरीची रानं आणि लांबवर मुंबईचा रस्ता. एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली आम्हांला मिळाली. मालक दिवसभर रानात असत. घर सांभाळायची त्यांची बायको, वयाने चाळिशी ओलांडलेली, उंच, कामाला वाघीण. तिला मी मामी म्हणायला लागले. मामींच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाण्याची वाट दाखवली, घरातलं जातं वापरायला दिलं आणि विचारलं, "गाव कंचं म्हनलीस तुझं?"

मी पाठ केलेलं गाव सांगितलं.

"तिकडं पाऊसपानी कसं असतंय?"

ते मला कुणी पढवलं नव्हतं. "बरं असतं," म्हटलं आणि हंडा उचलला.

हे पहाटे कामावर जात ते दिवस मावळल्यावर परत येत. मधला सगळा वेळ माझा आणि त्या चार भिंतींचा. बोलायला मामी होत्या, पण त्यांच्याशी बोलताना शब्द तोंडातून काढायच्या आधी मी तो तपासून घ्यायची. तव्यावर बोट भाजलं की आधी आमचाच शब्द ओठांवर यायचा. मग मी भाजलेलं बोट तोंडात धरून दाराकडे बघायची, कुणी ऐकलं तर नाही ना. असं सारखं सांभाळून बोलल्याने माणूस थकतं. हळूहळू मी कमीच बोलायला लागले. मामी शेजारणींना सांगायच्या, "आमची भाडेकरीन लई गरीब हाय, तोंडातून शबूद काढत न्हाई." आईने हे ऐकलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

आणखी एक व्हायचं. ऊन उतरलं की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. कशासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं. एकदा मामींनी विचारलं, "कुनाची वाट बगतीस गं रोज?" तेव्हा ध्यानात आलं. ती हजेरीची वेळ होती. अंगाला सवय लागली होती. पण इथे नाव पुकारणारं कुणी नव्हतं, आणि पुकारायचं म्हटलं असतं तरी माझं खरं नाव त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी आत जाऊन खूप रडले. तार मला परत नको होती. पण तारेच्या आत मी एक क्षणही एकटी नव्हते, आणि इथे कुणी अडवणारं नसताना मी खोलीबाहेर पडत नव्हते.

आठवड्यातून एकदा मी पिंपरीच्या कॅम्पातल्या बाजारात जायची. फाळणीत घरदार टाकून आलेली सिंधी माणसं तिथे बराकींत राहत होती, पुढ्यात फळकुटं मांडून काहीबाही विकत होती. इंग्रज जाताना देशाचे दोन तुकडे झाले, त्यात त्यांचं गाव पलीकडे गेलं. त्यांचे हाल दिसतच होते. पण त्या बायका आपल्या भाषेत मोठमोठ्याने बोलायच्या, भांडायच्या, लांबून एकमेकींना हाका मारायच्या. इथल्या कुणाला त्यातलं काही कळत नसे आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. मी मीठ-मिरची घेऊन झाल्यावरही तिथे रेंगाळायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. एवढं सगळं गेलेल्या माणसांचा हेवा वाटतो, याची लाजही वाटायची.

मामींचा एक भाऊ पोलिसात हवालदार होता. अधूनमधून बहिणीकडे जेवायला यायचा आणि जेवण झालं की ओसरीवर पान लावत गप्पा मारत बसायचा. एकदा त्याने आमच्याच लोकांचा विषय काढला. तारा तोडून सरकारने चूक केली, म्हणाला. आता ही माणसं गावोगाव पसरली, नावं बदलून राहतात. "पर मी वळखतो. गोंदनावरनं वळखतो, चालीवरनं वळखतो. आन बोलायला लावलं, की मंग तर सुटतच न्हाईत. त्यांची बोली येगळीच असती, मराठी बोलली तरी तिचा हेल लपत न्हाई."

मी भिंतीच्या आड धान्य निवडत होते. सूप हातात तसंच राहिलं. तो गेल्यावर कितीतरी वेळ मी स्वतःशीच मराठी वाक्यं बोलून बघत होते. माझ्या बोलण्यात हेल आहे का, हे मला कोण सांगणार होतं? यांना विचारलं तर म्हणाले, "तू बोलूच नको ना त्याच्यासमोर."

मग मला दिवस गेले. पोट दिसायला लागल्यावर मामी म्हणाल्या, "पयलं बाळंतपन म्हायेरी असतंय. कवा जानार हायेस?" मला जायचं होतं. त्या गोंगाटात, बायकांच्या गराड्यात मला बाळंत व्हायचं होतं. पण यांनी साफ नकार दिला.

"माझं मूल तिथं जन्मणार नाही," म्हणाले.

"आता तार नाही तिथं."

"नसू दे. जागा तीच आहे."

यांचा आवाज चढला नव्हता. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी यांना आईबापांपासून काढून मुलांच्या बराकीत ठेवलं होतं. चोरांची सावली पोरांवर पडू नये म्हणून. यांची आई कुंपणापलीकडून हात करायची, एवढंच यांना आठवत होतं. मग हेच आपणहून म्हणाले, "तुझ्या आईला इकडं आणतो."

थंडी पडायला लागली तेव्हा हे आईला घेऊन आले. मी दारातच होते. मामी पुढे होऊन म्हणाल्या, "या, या. परवास बरा झाला न्हवं?"

आईने हात जोडले. मग बोट ओठांवर टेकवलं आणि हात हलवून दाखवला.

"अगं बया, मुकी हाय व्हय?" मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या चेहऱ्यावरून कळलं, यांनाही हे आत्ताच कळत होतं.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. आईने मला कुशीत घेतलं आणि कानाशी तोंड आणून आमच्या बोलीत कुजबुजली, "तुझ्या नवऱ्यानं गाडीत माझं डोकं खाल्लं. हे बोला, ते बोलू नका, गावाचं नाव हे, नदीचं नाव ते. एवढं कोण ध्यानात ठेवणार? त्यापेक्षा म्हटलं, तोंडच बंद करावं." आणि ती हसू लागली. आवाज न करता, खांदे हलवत. कितीतरी महिन्यांनी मी माझी बोली ऐकत होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं.

मला वाटलं होतं, आई आली की एकटेपण संपेल. पण भिंतीपलीकडे मामींचं स्वयंपाकघर होतं. इकडचं खोकणंसुद्धा तिकडे ऐकू जायचं. त्यामुळे आई माझ्यासमोर बसलेली असायची आणि आम्ही दोघी गप्प. ती डोळ्यांनी बोलायची, हातांनी बोलायची. कधी काही सांगायचं फारच अनावर झालं, की माझ्या तळहातावर बोटाने टकटक करायची आणि मग हात सोडून द्यायची.

मुलगी झाली. गावातली सुईण होती, पण खरं काम आईनेच केलं. कळांच्या वेळी मी माझ्या बोलीत ओरडू नये म्हणून तिने माझ्या तोंडात पदराचा बोळा दिला होता. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसलं, ते मला पुढे कधी विसरता आलं नाही.

मामींना आई फार आवडली. मुक्या बाईजवळ मन मोकळं करता येतं. दुपारी त्या आमच्या दाराशी येऊन बसायच्या आणि आईशी बोलत राहायच्या. मी बाळाला घेऊन आत असायची. कधी कधी मामींचा आवाज इतका खाली जायचा की मला ऐकू येत नसे, फक्त नाक ओढल्याचा आवाज यायचा. आई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून मान हलवत असायची.

बाळाला न्हाऊ घालायचं काम आईचं. न्हाणीत पाण्याचा आवाज, त्यात पोरीचं रडणं. त्या आवाजाच्या आड आई तिच्याशी बोलायची. आधी हळू, मग जरा मोठ्याने. नातीला ती सगळं सांगायची, सोलापूरच्या बायकांची नावं घेऊन कोण कशी आहे तेसुद्धा. मी ऐकत बसायची आणि आईला आवरायची नाही. दिवसातला तेवढाच वेळ आमचा होता.

एका सकाळी पोर रडायची अचानक थांबली, आणि आई बोलतच राहिली. मामी गरम पाण्याचं भांडं घेऊन न्हाणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. आई गप्प झाली. मामींनी भांडं खाली ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवसापासून दुपारचं येणं बंद झालं. समोर आल्या तर मामी बाळाची विचारपूस करायच्या, पण आईकडे बघायच्या नाहीत. मी यांना सांगितलं. यांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. "दुसरी खोली बघतो," म्हणाले. पण मी ओली बाळंतीण, जाणार कुठे?

आणि मग तो हवालदार आला.

आई अंगणात बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसली होती. त्याने ओसरीवरून तिला पाहिलं. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण पाहिलं. मी दाराच्या फळीला धरून उभी होते.

"ही कोन गं?" त्याने बहिणीला विचारलं.

"भाडेकरनीची आय. मुकी हाय."

त्याने पायरीवर काठी आपटली. आईने दचकून मान वळवली.

"मुकी म्हंतीस, मंग ऐकू कसं येतंय?" तो हसत म्हणाला, पण उठून उभा राहिला होता. "जल्माचं मुकं मानूस भैरंबी असतंय. कुठली म्हनायची ही?"

मामी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "जल्माची न्हाई. तापानं वाचा गेली तिची. कानाला काय धाड भरलीया? आन ल्हान पोर घिऊन बसल्याली बाई, तिच्याम्होरं काट्या कसल्या आपटतोस? चल, जेवाया बस. निवतंय समदं."

तो बहिणीकडे बघत राहिला. मग आत जाऊन जेवायला बसला. आई तशीच बसून होती. बाळाच्या अंगावरचं फडकं तिने इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं पांढरी पडली होती.

तो गेल्यावर मी मामींकडे गेले. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. पण त्याहून जास्त मला सांगायचं होतं. आमचं खरं गाव, खरं नाव, तार, पास, सगळं. वाटलं, इथे एक तरी माणूस असं असेल ज्याला आम्ही ठाऊक आहोत.

"मामी, तुम्ही आज..."

"काय केलं म्या?" त्या भांडी आवरत होत्या. वळल्या नाहीत.

"मला तुम्हांला सांगायचंय. आम्ही खरं तर..."

"न्हाई." आता त्या वळल्या. "मला काय ठावं न्हाई, आन मला सांगूबी नगंस. ठावं झालं तर मला इचार करावा लागंल. माज्या घरात मानसं हायेत, भाऊ हाय, गाव हाय." मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुज्या आयपाशी म्या काय काय बोलून बसले. मुकी म्हनून बोलले."

मी परत आले.

दुसऱ्या दिवशी मामी रानात निघाल्या तेव्हा एक आवाज ऐकू आला. आतल्या खोलीत त्यांच्या धान्याच्या कणग्या होत्या. त्या खोलीला कधी कुलूप नसायचं. मी कितीदा तरी मामींनी सांगितलं म्हणून तिथून दाणे काढून आणले होते. आज त्यांनी दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप लावलं. आई आणि मी, दोघींनी ते ऐकलं. आई माझ्याकडे बघून कडवट हसली आणि बाळाला तेल लावत राहिली.

आज माझं वय झालंय, आणि अजूनही त्या बाईला काय म्हणावं हे मला ठरवता येत नाही. तिने आम्हांला सख्ख्या भावापासून वाचवलं आणि आमच्यापासून आपले दाणे वाचवले. दोन्ही एकाच मनाने केलं. गोरा साहेब केव्हाच बोटीत बसून निघून गेला होता, पण त्याने आमच्याबद्दल जे लिहून ठेवलं होतं ते मामींसारख्या चांगल्या बाईच्या मनातसुद्धा कायम होतं. तिने ते कुठे वाचलं नव्हतं, तिला वाचता येतच नव्हतं.

आई ठरल्यापेक्षा लवकर परत निघाली. "माझी जीभ आंबली," म्हणाली. निघताना तिने मामींना हात जोडले. मामींनी तिच्या ओटीत खण-नारळ घातला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "सांबाळून जा, बाई." आईने मान हलवली.

हे तिला सोलापूरपर्यंत पोचवायला जाणार होते. मी बाळाला घेऊन चिंचवडच्या स्टेशनापर्यंत गेले. फलाटाच्या टोकाला कुणी नव्हतं. हे तिकिटं काढायला गेले, आणि आई सुटली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलली. हवालदाराच्या मिशांबद्दल, सुईणीच्या घाणेरड्या नखांबद्दल, इथल्या बेचव पाण्याबद्दल, माझ्या नवऱ्याच्या भित्रेपणाबद्दल. त्याला सांभाळ, म्हणाली, तो अजून कुंपणाशी उभा आहे. मी हसत होते, तिला थांब म्हणत होते आणि मीही बोलत होते. दोघी एकाच वेळी बोलत होतो, आमच्यात बोलतात तसं.

"मामी तुला काय सांगायच्या गं?" मी विचारलं.

आईने तोंड मिटलं. "ते नाही सांगायचं. तिनं मुकीला सांगितलंय."

गाडी आली. हे दिसले आणि आई पुन्हा मुकी झाली. खिडकीतून तिने बाळाकडे बघून नुसते ओठ हलवले. गाडी गेल्यावर मी फलाटावर बसून राहिले. एवढं बोलणं झाल्यावर एकदम सगळं थांबलं, तसं एकटेपण मला आधी कधी वाटलं नव्हतं.

पुढे यांना कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि कामगारांच्या चाळीत आम्हांला दोन खोल्या मिळाल्या. मामींनी निरोप देताना पोरीच्या हातावर गूळ ठेवला. आई पुन्हा आली नाही. मी बोलावलं तेव्हा तिने कुणाकरवी निरोप पाठवला, आता तूच ये, इथे मोठ्याने ये. यांनी मला पाठवलं नाही. पोरीच्या कानावर आपली बोली पडता कामा नये, हे यांनी पक्कं ठरवलं होतं. मीही फार भांडले नाही. यांना रोज कारखान्याच्या फाटकातून आत जाताना मी पाहिलं होतं. पहारेकऱ्याने हात वर केला की यांचे खांदे आपोआप खाली यायचे.

पोर बोलायला लागली. पाणी, भाकरी, चिऊ. सगळं स्वच्छ मराठी. हे खूश होते. कामावरून येताच तिला मांडीवर घेऊन एकेक वस्तूचं नाव विचारायचे.

एकदा दुपारी शेजारची कोंबडी आमच्या पिठात चोच घालायला आली. तिला हुसकताना माझ्या तोंडून आमच्या बोलीतली एक शिवी गेली, लांबलचक, आमच्या बायका घालतात तशी. पोर आधी बघत राहिली, मग खदखदून हसली. तिला वाटलं, मी कोंबडीसारखा काहीतरी आवाज काढला.

"परत कर," म्हणाली.

मी दार लोटून घेतलं. तिच्यासमोर बसले आणि परत म्हटलं. ती टाळ्या पिटून हसली. "आनखी." मग मी दुसरं काही म्हटलं, मग तिसरं. पाण्याला काय म्हणतात, आगीला काय, आईला काय. ती त्यातलं काहीच उचलत नव्हती, नुसती हसत होती. मी कितीतरी वेळ बोलत राहिले. बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, तेव्हा थांबले. हे आत आले आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेले. पोर माझ्या तोंडाकडे बघत तशीच बसून होती.